दोन नर, एक घर

मैत्रिणींनो, ह्या सदराकडे येणारी पत्रे बहुतेक करून कैरीच्या लोणच्याला आलेली बुरशी, मुलांचे डबे आणि सासरच्या माणसांचे स्वभाव ह्यांबद्दलची असतात. ह्या वेळी मात्र एक पत्र अगदी निराळे आले. विषय आहे गिनीपिगचा! हसू नका हं. मुलांच्या हट्टाखातर, वाढदिवसाची भेट म्हणून, कुत्रा नको नि मांजर नको म्हणून हे गुबगुबीत, बिनशेपटीचे प्राणी आता कितीतरी घरांत येऊन पोचले आहेत. आमचे कासार आंबोली म्हणजे अर्धे गाव नि अर्धे पुणे. एका अंगाला भातखाचरे, दुसऱ्या अंगाला पिरंगुटचे कारखाने, मध्ये बंगल्यांची नि फ्लॅटची वस्ती. इथेसुद्धा चार घरांत गिनीपिग आहेत. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत 'माझा आवडता प्राणी' हा निबंध घातला, की कुत्र्याच्या खालोखाल त्याचा नंबर लागतो.

पत्र लिहिणाऱ्या ताई म्हणतात, "दुकानदाराने दोन्ही नरच दिले, म्हणजे पिल्लांची भानगड नको. दोघे सख्खे भाऊ. तीन महिने एकाच वाटीत तोंड घालून खात होते, अंगाला अंग लावून झोपत होते. आता पाचवा महिना लागला नि काय बिघडले कोण जाणे. एक दुसऱ्याच्या मागे लागतो, दात वाजवतो. परवा एकाच्या कानाला रक्त आले. घरची मंडळी म्हणतात, नर नराशी कधी नांदायचा नाही, एकाला टेकडीवर गवतात सोडून दे. मुलगी रडून रडून जेवत नाही. काय करू?"

ताई, सर्वांत आधी एक सांगते. टेकडीवर सोडू नका. गिनीपिग हा रानातला प्राणी नाहीच. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवले, तेव्हापासून तो माणसाच्या आसऱ्यानेच वाढला आहे. त्याला झाडावर चढता येत नाही, बीळ खणता येत नाही, झुंजून जीव वाचवता येत नाही. आमच्या मुळशीच्या टेकड्यांवर मुंगूस आहे, घार आहे, साप आहेत, मोकाट कुत्री तर आहेतच. त्याची एक रात्र निघणे कठीण. 'गवतात सोडला' म्हणजे 'मारला' एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या मुलीला तो कळला आहे, म्हणून ती जेवत नाही.

आणि दुसरे म्हणजे, नर नराशी नांदतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे खरे. पण म्यान जरा मोठे केले, आणि कोण कुठे बसायचे हे त्यांचे त्यांना ठरवू दिले, तर पुष्कळ जोड्या जन्मभर सुखाने राहतात. ते कसे करायचे, तेच आज पाहू.

भांडण मुळात कशाचे?

गिनीपिग कळपातला प्राणी आहे, एकट्याला त्याला करमत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ सालापासून नियमच आहे, की गिनीपिग एकटा पाळायचा नाही, निदान जोडी तरी हवी. तेव्हा 'दोघे आहेत म्हणून भांडतात, एकच ठेवू' हा उपाय नव्हे.

मग गोडीगुलाबीने राहणारे भाऊ पाचव्या महिन्यात का बिनसले? कारण ते वयात आले. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते वर्ष-सव्वा वर्षाचे होईपर्यंत नरांचे हे अवघड दिवस असतात. घरात थोरला कोण नि धाकटा कोण, हे ह्या दिवसांत ठरायचे असते. एकदा ते ठरले, धाकट्याने 'बरं बाबा, तू मोठा' म्हणून मान वळवली, की मग पुढची वर्षे शांतपणे जातात. ह्या प्राण्याचे आयुष्य पाच ते आठ वर्षांचे, त्यातले हे वर्ष तेवढे सांभाळायचे. सख्खे भाऊ आहेत म्हणजे पटलेच पाहिजे, असे मात्र नाही. हे आपल्याला का कोणी वेगळे सांगायला हवे!

जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठातले प्राध्यापक नॉर्बर्ट साक्सर ह्यांनी गिनीपिगच्या वागण्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांना असे दिसले, की जे नर वयात येताना कळपात, मोठ्या नरांच्या सहवासात राहिले, ते पुढे अनोळखी नराशीही न भांडता राहू शकले. जे एकटे किंवा नुसत्या मादीबरोबर वाढले, ते अनोळखी नर दिसताच त्याच्यावर तुटून पडले. म्हणजे नमते घेणे हे जन्मतः येत नाही, ते मोठ्यांच्या धाकात शिकावे लागते.

नवी जोडी करणाऱ्यांनी ह्यातून घेण्यासारखे असे, की एक वयाने मोठा, शांत नर आणि एक लहान पिल्लू ही जोडी सर्वांत लवकर जमते. तीन नर नकोत. दोघे एक होतात नि तिसऱ्याला जगू देत नाहीत. मादी तर त्या खोलीतही नको, नुसत्या वासाने दोघांत युद्ध पेटते. आणि हो, दुकानदाराच्या शब्दावर न जाता दोन्ही नर आहेत ना, हे जनावरांच्या डॉक्टरांकडून एकदा पाहून घ्या. नर पिल्लू तीन आठवड्यांचे झाले की बाप होऊ शकते. नाहीतर दोन-सव्वादोन महिन्यांनी 'दोन नरांना' पिल्ले झाल्याचे पत्र मला यायचे!

घराची मांडणी

भांडणाचे अर्धे मूळ अडचणीत असते. दोन खोल्यांत दोन बिऱ्हाडे राहिली की नळावरून, मोरीवरून कुरबुरी होतात, तसेच हे. दुकानात मिळणारा दोन फुटी पिंजरा दोन नरांना अजिबात पुरत नाही. निदान पाच फूट लांब नि अडीच फूट रुंद अशी एकसलग जागा द्या. मजले नकोत; वरचा मजला एकजण बळकावून बसतो. महागड्या पिंजऱ्याची गरज नाही. तारेच्या जाळीच्या चौकटी एकमेकींना बांधून, खाली रेक्झिनचा तुकडा पसरून घरच्या घरी छान अंगण तयार होते. मांजराची ये-जा असेल तर वरूनही जाळी हवीच.

आता सर्वांत महत्त्वाचे: सगळे दोन-दोन. खाण्याच्या वाट्या दोन, पाण्याच्या बाटल्या दोन, गवताचे ढीग दोन, लपायची खोकी दोन. आणि ह्या जोड्या शेजारी-शेजारी नाही, तर दोन विरुद्ध टोकांना. एकजण एका वाटीशी दादागिरी करत बसला, तरी दुसऱ्याला दुसऱ्या टोकाला निवांत खाता यावे. खोकी एकसारखी असू द्या. एक मोठे नि एक लहान ठेवले की मोठ्यावरून तंटा ठरलेला.

प्रत्येक खोक्याला दोन दारे हवीत, हे तर गाठीला बांधून ठेवा. एकाच दाराच्या खोक्यात धाकटा शिरला आणि थोरला दारात उभा राहिला, की आतल्याला पळायला वाट नाही. मग तो जिवाच्या भीतीने चावतो. बुटांच्या किंवा किराणाच्या खोक्याला समोरासमोर दोन भोके पाडली की काम झाले.

खाली वर्तमानपत्राचे थर नि त्यावर जुन्या सुती कापडाची चौघडी घाला. कडा शिवलेल्या असाव्यात, लोंबणारे धागे पोटात जातात. ओला झालेला भाग रोज बदला, पण सगळेच्या सगळे एका दिवशी धुऊन काढू नका. स्वतःचा वास पार नाहीसा झाला, की दोघे पुन्हा नव्याने हद्दी आखायला लागतात नि मिटलेले भांडण उकरून निघते. आज अर्धे, चार दिवसांनी अर्धे, असे करावे.

रुसवा की रक्त?

पुष्कळ जणी इथेच घाबरतात. जरा घुरघुर ऐकली की दोघांना लांब करतात. त्यामुळे थोरला-धाकटा हे कधीच ठरत नाही नि प्रत्येक भेट पहिलीच होते. तेव्हा तीन पायऱ्या ओळखायला शिका.

पहिली पायरी म्हणजे रोजचा संसार. अंग डोलवत, घुर्रघुर्र करत एकाने दुसऱ्याभोवती फेरी मारणे, मागून हुंगणे, पाठीवर चढणे, थोडा पाठलाग, धाकट्याचे बारीक आवाजात किंचाळणे. किंचाळला म्हणजे लागले असे नाही. तो 'नको ना रे' म्हणतो आहे. इथे आपण मध्ये पडायचे नाही.

दुसरी पायरी म्हणजे ढग भरून आले. दातांवर दात कडकड वाजवणे, मानेवरचे केस फुलवणे, जांभई दिल्यासारखे तोंड वासून दात दाखवणे, धाकट्याला वाटीपाशी फिरकूच न देणे. इथेही लगेच वेगळे करू नका, पण मांडणी तपासा. जागा वाढवा, गवताचा तिसरा ढीग ठेवा, एका दाराचे काही असेल तर काढा. दर रविवारी दोघांना स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीत बसवून वजन करा नि लिहून ठेवा. पूर्ण वाढलेला नर साधारण किलोभराचा असतो. धाकट्याचे वजन सलग दोन आठवडे उतरले, तर तो उपाशी राहतो आहे असे समजा, मग बाहेरून कितीही शांत दिसो.

तिसरी पायरी म्हणजे लढाई. समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या तोंडावर उड्या घेणे, एकमेकांत गुंतून गोळा होऊन लोळणे, खोल चावा, रक्त. इथे क्षणभरही थांबायचे नाही. मात्र उघडा हात मध्ये घालू नका. त्या वेळी ते आपला-परका ओळखत नाहीत नि बोटाला कडकडून चावतात. जाड टॉवेल अंगावर टाका, किंवा केराची सुपली दोघांमध्ये सरकवा, आणि मग एकेकाला उचला.

चाव्याची जखम वरून चट्कन मिटते आणि आत पू धरते. म्हणून रक्त आले की डॉक्टरांना दाखवायचेच. घरातली माणसांची औषधे देऊ नका. विशेषतः अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिनच्या जातीची औषधे पोटात गेली, तर गिनीपिगच्या आतड्यांतले उपयोगी जंतू मरतात नि तो दगावतो. सगळ्याच जनावरांच्या डॉक्टरांकडे गिनीपिग येतो असे नाही. तेव्हा आधी फोन करून विचारून ठेवलेले बरे. आणि भांडणानंतर किंवा एरवीही एखाद्याने दिवसभर काही खाल्ले नाही, तर उद्यावर ढकलू नका.

पुन्हा ओळख करून देताना

ताई, तुमच्याकडे कानाला रक्त आले आहे. जखम भरेपर्यंत दोघांच्या मध्ये जाळी घाला. एकाला दुसऱ्या खोलीत नेऊ नका; एकमेकांना दिसू देत, वास येऊ दे, पण दात लागणार नाहीत इतकी जाळी बारीक किंवा दुहेरी असावी. (अगदी नवा प्राणी आणला असेल, तर मात्र आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवून तो निरोगी असल्याची खात्री करावी.)

जखम भरली की सुटीचा दिवस निवडा. घाई असेल, पाहुणे यायचे असतील, तर तो दिवस नको. जागा अशी, की जिथे दोघांपैकी कोणीच कधी राहिलेला नाही. कोणाची मालकी नाही. गॅलरी, मधली खोली, काहीही चालेल. पाय घसरणार नाहीत अशी चादर अंथरा. मधोमध गवताचा मोठा ढीग, त्यावर कोथिंबीर नि काकडीचे तुकडे सगळीकडे पसरून टाका. खोकी ठेवू नका. मग दोघांना एकदमच सोडा, आणि शेजारी टॉवेल घेऊन, भाजी निवडत बसा.

पहिला तास गडबडीचा. घुरघुर होईल, पळापळ होईल. पहिल्या पायरीपर्यंत सगळे होऊ द्या. हळूहळू दोघे गवत खायला लागतात, मग जरा लांब लांब लोळतात. दोन-तीन तास असे निघाले, की त्यांचे जुने घर पूर्ण स्वच्छ करून, मांडणी बदलून, दोघांना एकत्रच आत ठेवा. मघाशी अर्धेच धुवा म्हटले, ते रोजचे. आज मात्र जुन्या हद्दी पुसायच्या आहेत. दोघांना आंघोळ मात्र घालू नका. उगाच घाबरतात नि गारठतात.

आमच्या आळीतल्या एका वहिनींनी गेल्या हिवाळ्यात असेच केले. चार दिवस जाळी, मग रविवारी गॅलरी. दुपारपर्यंत घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला! संध्याकाळी दोघे दोन कोपऱ्यांत झोपले. आजही ते गळ्यात गळा घालत नाहीत, पण एक शिट्टी मारू लागला की दुसरा साथ देतो. नांदणे म्हणजे आणखी काय असते?

जमलेच नाही तर

दोन वेळा नीट प्रयत्न करूनही रक्तच निघाले, तर हट्ट धरू नका. काही स्वभाव जुळत नाहीत. मग त्यांना शेजारी म्हणून ठेवा: मध्ये कायमची जाळी, दोन्हीकडे पुरेशी जागा, जाळीला लागून दोन्ही बाजूंना गवत. वास येतो, आवाज ऐकू येतो, एकमेकांना पाहत खातात. एका छताखाली दोन चुली म्हणा ना! पुष्कळदा एवढ्याने दोघेही खूश असतात.

नराची नसबंदी केली की भांडण थांबते, असे कोणी सांगेल. दोन नरांच्या बाबतीत त्याचा भरवसा देता येत नाही. नसबंदी केलेला नर मादीबरोबर मात्र छान राहतो. पण शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे थांबून, आणि ह्या प्राण्याचा हातखंडा असलेल्या डॉक्टरांकडूनच.

खाणे, ऊन नि पाऊस

दुखणारा, उकडणारा, भुकेला प्राणी चिडका होतो. माणसाचेही तसेच. गिनीपिगचे दात जन्मभर वाढतात, म्हणून त्याला दिवसरात्र गवत चावायला हवे. आमच्याकडे भाताचा पेंढा हवा तेवढा मिळतो, पण त्यात सत्त्व कमी. तो खाली अंथरायला वापरा. पोटाला वाळलेले गवत आणि ताजी, स्वच्छ हरळी हवी. लसूण घास लहान पिल्लांना ठीक, मोठ्यांना रोज नको, मुतखडा होतो.

आणखी एक गंमत. आपल्याप्रमाणेच ह्या प्राण्याच्या शरीरात 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही. नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिश ह्या शास्त्रज्ञांनी १९०७ साली गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना खलाशांना व्हायचा तो स्कर्व्ही रोग झाला. त्यात सांधे दुखतात, अंगाला हात लावू देत नाहीत. म्हणून रोज ढोबळी मिरचीची फोड, कोथिंबीर, अधूनमधून पेरूचा तुकडा किंवा आवळ्याची चकती द्यावी. बटाटा, कांदा, लसूण, पोळी, पाव, दूध काही नको.

पारा तिशीच्या वर चढला की जपा. एप्रिल-मे महिन्यांत फरशीचे दोन गार तुकडे (दोनच हं, एक नाही!), ओल्या पोत्याचा पडदा आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली ठेवा. मुळशीच्या पावसाळ्यात गवताला बुरशी धरते, ते डोळे झाकून फेकून द्या. ओल्या अंगावर गजकर्ण उठते, ते मुलांनाही होते. जखमेवर माशी बसू देऊ नका, अंडी घालते.

सासूबाईंची शंका

"उंदरासारखे ध्यान घरात कशाला? प्लेग यायचा!" असे घरातली वडीलधारी माणसे म्हणतात. त्यांची भीती उगाच नाही. आपल्या पुण्या-मुंबईने प्लेगचे भयंकर दिवस पाहिले आहेत. पण तो प्लेग कसा पसरतो, हे उलगडायला ह्याच गिनीपिगने मदत केली, हे त्यांना जरूर सांगा. १९०३ साली मुंबईच्या राणीच्या बागेतले गिनीपिग प्लेगने मेले. डॉ. ग्लेन लिस्टन ह्यांना त्यांच्या अंगावर उंदराच्या पिसवा सापडल्या. पुढे १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्रयोग केले. पिसवा नसतील तेव्हा आजारी नि निरोगी गिनीपिग अगदी जवळजवळ राहूनही प्लेग पसरला नाही. पिसवा असताना पसरला. म्हणजे दोष शेजाराचा नव्हता, पिसवांचा होता. तेव्हा गवत उंदरांपासून झाकून ठेवा, पिंजरा स्वच्छ राखा, आणि मुलांनी त्यांना हाताळल्यावर साबणाने हात धुतले की काळजीचे कारण नाही.

तर ताई, आज संध्याकाळीच दोन फुटी पिंजरा बाजूला काढा, दुसरी वाटी नि दुसरे खोके ठेवा, आणि मध्ये जाळी घाला. वजनाची वही मुलीच्या हातात द्या. रडण्यापेक्षा तिला काम मिळेल. दोघांपैकी कोणालाही घराबाहेर काढायची वेळ येणार नाही, असे मला मनापासून वाटते. महिन्याभराने वहीतले आकडे मला जरूर कळवा.

पुढच्या अंकात पावसाळ्यात कपड्यांना येणारा कुबट वास आणि त्यावरचे घरगुती उपाय.